सिगारेट कमी केल्यापासून खोकला उलट वाढलाय, हे नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला बारावरून चारवर आलात आणि गेले तीन आठवडे खोकला वाढलाय, सकाळी काळपट बेडका पडतो. मी यातून गेलोय म्हणून सांगतो. पंधरावरून पाचवर आलो तेव्हा माझंही तसंच, सकाळी बेसिनपाशी उबळ आली की दहा मिनिटं तिथंच वाकून उभा, करडा चिकट बेडका आणि त्यात काळे ठिपके, बायको दाराबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन.

श्वासनळीला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलतात, धुरानं त्यांचं काम मंदावतं. धूर बंद झाला की ते परत कामाला लागतात आणि साठलेलं वर येतं, म्हणून सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो हे खरं आहे. पण धूर बंद झाला तर! तुमचा अजून चालूच आहे. मीपण "छाती साफ होतेय" म्हणत दीड महिना घालवला.

छातीच्या डॉक्टरांनी मला आधी विचारलं, थोटूक केवढं उरतं? तेव्हा लक्षात आलं की मी पाचच ओढत होतो पण प्रत्येक पार फिल्टरपर्यंत, खोल झुरका, धूर आत धरून. निकोटिन कमी पडलं की माणूस नकळत असं करतो. मग एक्सरे, थुंकी तपासणी आणि त्या नळीत जीव खाऊन फुंकायची टेस्ट. टीबी नव्हता, पण नळ्या आकसलेल्या, सीओपीडीची (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याच्या आजाराची) सुरुवात.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायचीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते, त्यामुळे तुम्ही या आठवड्यातच जा. आणि थुंकीत रक्ताचा एक धागा जरी दिसला, वजन उतरत असेल, आवाज बसलेला असेल, जिना चढताना धाप लागत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल तर उद्याच जा. मेडिकलमधून खोकला दाबायचं सिरप मनानं आणू नका, कफ बाहेर पडू दे.

उरलेल्या चारसाठी तंबाखू सोडवायच्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 ला फोन करा, पाकिटावरच छापलेला असतो, फुकट आहे. मी निकोटिनचं च्युइंगम घेऊन पाचाची शून्य केली, त्यानंतर दोनेक महिन्यांनी सकाळचा बेडका थांबला, इनहेलर मात्र अजून आहे. एक्सरेचं काय झालं ते इथंच कळवा, मी बघत राहीन.