एजन्सीत पाठवण्याआधी तिला दुकानाची जाहिरात करू द्या

प्रश्न : आमचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. मुलगी यंदा बी.कॉम. झाली. तिला धरमपेठेतल्या एका क्रिएटिव्ह एजन्सीत जायचं आहे. पहिले तीन महिने पगार नाही, 'शिकायला मिळेल' असं ते म्हणतात. शिवाय तिनं डिजिटल मार्केटिंगचा एक कोर्स बघून ठेवला आहे, फी ८० हजार. मला वाटतं तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात. गेल्या दिवाळीत आम्हीही एका एजन्सीकडून पत्रक करून घेतलं होतं. त्यावर 'पितळी भांडी'ऐवजी 'पतिळी भांडी' छापून आलं आणि १० हजार प्रती तशाच वाटल्या गेल्या. अशा लोकांत मुलीचं काय होणार? तिनं पुण्या-मुंबईला जावं का?
— एक पालक, इतवारी, नागपूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या 'पतिळी'पासूनच सुरू करू. एजन्सीला मजकूर पाठवणाऱ्यानं 'पितळी' बरोबरच लिहिलं असणार. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो तिच्यात, ऱ्हस्व वेलांटी 'प'नंतर साठवलेली असते आणि पडद्यावर दाखवताना ती 'प'च्या आधी आणावी लागते. डिझाइनचं सॉफ्टवेअर इंग्रजीच्या सेटिंगवर राहिलं तर ते ही फिरवाफिरव करत नाही आणि वेलांटी शेजारच्या 'त'वर जाऊन बसते. रफार आणि जोडाक्षरंही याच कारणानं मोडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडलं की काम भागतं. मग छापखान्याला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करतात, म्हणजे त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण एकदा कर्व्ह झाले की ती अक्षरं नुसती चित्रं उरतात, टाइप करून सुधारता येत नाहीत. म्हणून त्याआधी कोणीतरी कागदावर प्रिंट काढून, ओळीखाली बोट ठेवून वाचायचं असतं. तुमच्या पत्रकाला असं वाचणारं कोणी मिळालं नाही.

नागपुरातल्या बऱ्याच लहान एजन्सींत नेमकी हीच जागा रिकामी असते. डिझायनर आहे, एडिटर आहे, कॅमेरा आहे, पण गिऱ्हाइकाच्या धंद्याची भाषा येणारा माणूस नाही. तुमच्या मुलीकडे ती आयती आहे. बाहेरून आलेला कॉपीरायटर 'पातेलं' आणि 'तांब्या' लिहील. तुमच्या दुकानात येणाऱ्या बाईला गंज (पातेलं) हवा असतो, गुंड (पाण्याचं मोठं भांडं) हवा असतो, गडवा (तांब्या) हवा असतो. छिंदवाडा-शिवनीकडून येणारं गिऱ्हाईक तेच हिंदीत मागतं. हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आता या कामाचा हिशेब, तुम्हाला पटेल अशा पद्धतीनं. समजा, एखादा दुकानदार एजन्सीला महिन्याला १५ हजार देतो आणि त्यात १२ पोस्टी आणि ३ रील ठरले आहेत. दुरुस्त्यांसकट एका पोस्टीच्या डिझाइनला दोन तास धरले तर २४ तास. मजकुराला प्रत्येकी एक तास, म्हणजे १२. एका रीलला शूटिंग आणि एडिटिंग मिळून सहा, म्हणजे १८. फोन, भेटीगाठी ८ आणि महिन्याचा रिपोर्ट ३. बेरीज ६५ तास. ताशी सुमारे २३० रुपये पडले. असे आठ क्लायंट धरले तर ५२० तासांचं काम आणि १ लाख २० हजारांची आवक. एक माणूस महिन्याला २०० तास काम करतो असं मानलं तर अडीच-तीन माणसं लागतात. त्यातून पगार, जागेचं भाडं, वीज, सॉफ्टवेअर आणि मालकाचं घर. सुरुवातीचा पगार का कमी असतो, ते इथे दिसतं. आणि उत्पन्न कुठून वाढतं तेही दिसतं. पोस्टीच्या संख्येवर पैसे घेणारी एजन्सी थकते. जाहिरातीतून किती चौकशी आल्या आणि किती माल गेला हे दाखवू शकणारी एजन्सी दर वाढवून मागू शकते. त्यामुळे एजन्सीत शिरताना मुलीनं कोणत्या खुर्चीवर बसायचं हे आधी ठरवावं.

डिझाइनची खुर्ची तिच्यासाठी नाही, निदान आत्ता नाही. त्यासाठी मुलं शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेची चार वर्षं घालवतात. बी.कॉम.च्या मुलीसाठी दोन जागा बऱ्या आहेत. एक क्लायंट सर्व्हिसिंग, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलून काम ठरवणं आणि मंजूर करून घेणं, आणि दुसरी परफॉर्मन्स, म्हणजे मेटा (फेसबुक-इन्स्टाग्राम) आणि गुगलवरच्या जाहिरातींचं बजेट लावणं आणि मोजणं. दुसरीत आकड्यांचं डोकं लागतं. तिथे नेहमी होणाऱ्या चुका ऐकून ठेवा. १० हजारांचं बजेट म्हणून क्लायंटला सांगतात आणि वर १८ टक्के जीएसटी लागून ११,८०० जातात, मग भांडण. जाहिरातीचं खातं एजन्सीच्या नावावर काढतात, म्हणून त्या १,८०० चं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजावट, दुकानदाराला मिळत नाही. दुकानाचं फेसबुक पेज एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक प्रोफाइलवरून उघडलेलं असतं, तो नोकरी सोडून गेला की पेजचा ताबाही गेला. खातं क्लायंटच्या नावानं, त्याच्या जीएसटी क्रमांकावर, आणि एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश : एवढं काटेकोर सांभाळणारी मुलगी सहा महिन्यांत टिकाऊ होते.

क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये त्रास वेगळा. दुकान चालू असताना व्यापारी फोन उचलत नाही. शटर पडल्यावर, रात्री साडेनऊ-दहाला, व्हॉट्सॲपवर 'लोगो थोडा बडा करो' येतं. मजकुराला होकार द्यायला तीन भाऊ आणि एक काका असतात. तोंडी होकार धरून छापायला टाकलं की चूक एजन्सीच्या गळ्यात. म्हणून अंतिम प्रूफवर 'ओके, छापा' असं लेखी घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकवायची नाही, हा इथला पहिला नियम. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. पितृपक्षात आपल्याकडचे बरेच व्यापारी नवीन काही मंजूर करत नाहीत. गणेश विसर्जनाच्या आत दिवाळीचा मजकूर आणि फोटो पक्के झाले नाहीत तर पंधरा दिवस हातातून जातात. मग नवरात्रात शूटिंग, दसऱ्याला डिझाइन आणि धनत्रयोदशीच्या तोंडावर छापखान्यात रांग. 'पतिळी' छापून येतं ते बहुधा अशाच घाईत.

कायद्याची थोडी जाणही लागते आणि कॉमर्सच्या मुलांना ती लवकर येते. बिल्डरच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकाबरोबर (गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. डिझायनर तो 'दिसायला खराब' म्हणून कोपऱ्यात बारीक करतो आणि मग स्कॅनच होत नाही. डॉक्टरांना रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मनाई आहे. मधुमेह 'मुळापासून बरा' करण्याचा दावा १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्यात अडकतो. हे ओळखून क्लायंटला नम्रपणे 'नाही' म्हणता येणारा माणूस एजन्सीला हवाच असतो.

तीन महिने बिनपगारी? नको. एखादं काल्पनिक असाइनमेंट करून दाखवायला हरकत नाही, एक-दोन दिवसांचं. पण तिनं लिहिलेला मजकूर खऱ्या क्लायंटच्या पानावर जाणार असेल आणि त्याचे पैसे एजन्सी घेणार असेल तर तिलाही मानधन मिळालं पाहिजे, थोडं का होईना, आणि लेखी. मुलाखतीत तिनं विचारावं : एका माणसाकडे किती क्लायंट असतात? (दहाच्या वर सांगितलं तर जपून.) लॅपटॉप कोणाचा? माझं काम नंतर पोर्टफोलिओत, म्हणजे माझ्या कामाच्या नमुन्यांत, दाखवता येईल का? गणपती ते दिवाळी सुट्ट्यांचं काय? आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न : गेल्या वर्षभरात किती क्लायंट टिकले? हा प्रश्न ऐकून मालक कसा चुळबुळतो यावरून बरंच कळेल.

८० हजारांचा कोर्स आत्ता घेऊ नका. गुगलच्या जाहिरातींचे धडे आणि प्रमाणपत्र स्किलशॉपवर फुकट आहे, मेटाचे ब्लूप्रिंटवरचे धडेही फुकट आहेत, फक्त त्यांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला पैसे पडतात. सहा-आठ आठवडे रोज दीड तास दिला तर पाया होतो. कोर्स हवाच असेल तर तो नोकरीचं एक वर्ष झाल्यावर, काय येत नाही हे कळल्यानंतर.

त्याऐवजी तिला तुमचं दुकान द्या. महिनाभर, आणि जाहिरातीसाठी ३ हजार रुपये. सुरुवात गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीपासून करावी : नाव पाटीवर आहे तसंच, वेळ खरी, साप्ताहिक सुट्टी नोंदलेली आणि नकाशावरची पत्त्याची खूण (पिन) नेमकी दुकानाच्या दारावर. इतवारीत हा पिन मागच्या गल्लीत पडला की गिऱ्हाईक फोन करून करून कंटाळतं. मग फोटो. स्टीलवर बल्बचा झोत आला की भांडं पांढरं फट्ट दिसतं, म्हणून सकाळी दाराजवळच्या उजेडात, मागे साधं सुती कापड ठेवून काढायचे. भांड्यात फोटो काढणारीचं प्रतिबिंब येतं, तेव्हा थोडं तिरकं उभं राहायचं.

त्यानंतर मजकूर. 'दर्जेदार भांड्यांचे विश्वसनीय ठिकाण' ही ओळ फाडून टाका. ती कोणत्याही दुकानावर चालते, म्हणून कोणाच्याच कामाची नाही. तुमच्याकडे लोक काय मागतात ते गल्ल्यावर बसून दोन दिवस वहीत उतरवायला सांगा. लग्नसराईत बायका रुखवतासाठी येतात, किती भांडी, केवढ्यात, नाव घालून मिळेल का, कधी मिळेल, हेच विचारतात ना? मग जाहिरात तीच : 'रुखवताची २१ भांडी, एकाच खोक्यात. नाव घालून, चार दिवसांत.' खाली किंमत. किंमत लिहायला तुम्ही कचराल, शेजारच्या दुकानदाराला कळेल म्हणून. कळू द्या. शेजाऱ्याला ती तशीही कळते, आणि किंमत नसलेल्या जाहिरातीवर नुसते 'प्राइस प्लीज' जमा होतात.

हीच जाहिरात एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत, दोन्ही व्हॉट्सॲपवर उघडणाऱ्या. रोज १०० रुपये, दोघींत अर्धे-अर्धे. पाच-सहा दिवस हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड जातं. दुसऱ्याच दिवशी बदल केले की काय चाललं ते कळतच नाही. 'बूस्ट'चं निळं बटण दाबून सगळ्या विदर्भाला जाहिरात दाखवली तर लाइक पुष्कळ येतील आणि भांडं एकही विकलं जाणार नाही. वहीत चार रकाने आखा : मेसेज किती आले, त्यात खऱ्या चौकशी किती, दुकानात किती जण आले, कितीचा माल गेला. महिन्याच्या शेवटी ३ हजार आणि जीएसटीचे ५४० वजा जाता हाती काय राहिलं ते तिनं तुम्हाला एका कागदावर लिहून द्यावं. आकडा तोट्याचा आला तरी चालेल, तो का आला हे तिला सांगता आलं पाहिजे. हा कागद आणि ते दोन मजकूर हाच तिचा पोर्टफोलिओ. धरमपेठच काय, रामदासपेठेतल्या किंवा सदरमधल्या एजन्सीतही तो प्रमाणपत्राच्या आधी बघितला जाईल. पगारावर बोलायलाही तोच कामी येईल.

पुण्या-मुंबईचं आत्ता ठरवू नका. इथल्या लहान एजन्सीत दीड-दोन वर्षांत ती बिल्डर, कोचिंग क्लास, कूलरवाले, सराफ, मसालेवाले अशा सगळ्यांचं काम हाताळेल. मोठ्या शहरात सुरुवातीला एकाच ब्रँडचा एकच तुकडा हातात येतो. उणी बाजूही आहे : इथे संशोधनाला वेळ देत नाहीत, अर्धा महिना सणांच्या शुभेच्छा-पोस्टींत जातो. दोन वर्षांनी तेच चालू असेल तर खुशाल जाऊ द्या. तोवर नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनच्या कार्यक्रमांना तिला सोबत नेत जा. हिंगणा-बुटीबोरीचे लहान कारखानदार तिथे भेटतात. त्यांना रील नको असतो, बारा पानांचं नीट कॅटलॉग हवं असतं आणि ते लिहायला माणूस सापडत नाही.

बँकेच्या परीक्षांचं म्हणाल, तर दोन्ही एकदम जमणार नाही. आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात आणि एजन्सीत तेव्हाच श्वास घ्यायला फुरसत नसते. एक वर्ष एकाला द्या. कोणतं, ते तुमच्या दुकानातल्या त्या महिन्यानंतर तिचं तिलाच ठरवू द्या.

आणि यंदाचं पत्रक तिच्याकडूनच करून घ्या. फोटो गणपतीच्या आत, मजकूर पितृपक्षाआधी. छापखान्याला फाइल जाण्यापूर्वी प्रिंट काढून तुम्ही स्वतः वाचा, शेवटच्या ओळीतल्या फोन नंबरसकट.