लेसोथोत नोकरी मिळतेय, पुण्याहून बायको-मुलीला घेऊन जावं का?

लेसोथोच्या राजधानीत, मासेरूला, दोन वर्षांची नोकरी चालून आलीय, तिथलं रोजचं जगणं कसं असतं आणि घरच्यांना न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे एका कपड्याच्या कारखान्यात चार वर्षं अकाउंट्स सांभाळून कोथरूडला परत आलोय, म्हणून लिहितो.

आधी नकाशा बघा. देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याच्या साधारण दुप्पट, माणसं जेमतेम वीस-बावीस लाख. त्यामुळे लेसोथोच्या परवान्याइतकाच दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा महत्त्वाचा, आणि तो अनेक वेळा ये-जा करता येईल असाच मागा. मी सुरुवातीला एकदाच प्रवेशाचा घेऊन गेलो होतो. पुढे दाढ ठणकायला लागली, डॉक्टर म्हणाले दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला जा. तासा-दीड तासाचा रस्ता. पण सीमेवरचा मासेरू ब्रिज ओलांडायला कागद नव्हता, म्हणून नवा व्हिसा येईपर्यंत लवंग चावत बसलो. मुलगी लहान असेल तर कंपनीकडून हे आधी लेखी घ्या, पगाराचं नंतर बोला.

पैशांचंही तसंच. तिथलं चलन लोटी, भाव दक्षिण आफ्रिकेच्या रँडइतकाच. रँड मासेरूत कुठेही चालतो, लोटी मात्र पुलापलीकडे कुणी घेत नाही. परत येताना खिशात राहिलेल्या नोटा मी इथे बदलायला नेल्या, तर काउंटरवरच्या माणसाने त्यावरचे तीन राजे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "हे कुठलं?" त्याला तरी का हसावं? 2025 च्या मार्चमध्ये ट्रम्प भर अमेरिकी संसदेत म्हणालेच होते की या देशाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पुढच्याच महिन्यात लेसोथोच्या मालावर 50 टक्के आयातशुल्क जाहीर केलं. नंतर ते 15 वर आलं, पण मधल्या काळात कारखान्यांचे हाल झाले. तुमची नोकरी कपड्याच्या कारखान्यात असेल तर माल अमेरिकेला जातो का, हे नक्की विचारा.

थंडीला कमी लेखू नका. अख्खा देश 1,400 मीटरच्या वर आहे आणि हिवाळा जून ते ऑगस्ट. आई फोनवर पालखी पुण्यात आल्याचं सांगायची तेव्हा इकडे सकाळी नळातलं पाणी गोठलेलं असायचं. घराबाहेर ऊन तरी असतं, खरी थंडी घरात. लोक जाड लोकरी ब्लँकेट खांद्यावर पिन लावून पांघरतात, अगदी आपल्या धनगरांच्या घोंगडीसारखं. पहिल्या महिन्यातच एक घ्या, लाजू नका.

माणसं चांगली. फक्त नमस्कार केल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. लिहितात 'लुमेला', म्हणायचं 'दुमेला', पुढे पुरुषाला 'न्ताते', बाईला 'म्मे', म्हणजे बाबा आणि आई. साठीचा वॉचमन मला, तिशीतल्या पोराला, रोज 'न्ताते' म्हणायचा. पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं व्हायचं. अंधार पडल्यावर मात्र पायी फिरू नका.

खाण्याचे हाल होत नाहीत. पापा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत मोरोहो, चिरून शिजवलेली पालेभाजी. मोतोहो प्यायलो आणि गावची आंबीलच आठवली; ज्वारी आंबवूनच करतात. तिथल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी करायला गेलो तर थापतानाच कडेने चिरत गेली, पीठ भरड. तुकडे आमटीत कुस्करून खाल्ले. डाळी-मसाले जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमधून आणायचो, म्हणजे पुन्हा तोच व्हिसा.

बायको-मुलीला न्या, पण तुम्ही आधी जाऊन एक हिवाळा काढा, घर बघा, मग बोलवा. आणि निघण्याआधी तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारा. लेसोथोत घरांच्या भिंतीत आपल्या गीझरसारखी जाड तीन पिनांची सॉकेट असतात. तशा चार-पाच पिना घेऊन ठेवा, मिक्सर पहिल्या दिवसापासून चालेल.