घरच्या बागेतल्या भाज्या-फळं कुकरमध्ये बाटलीबंद करून वर्षभर ठेवता येतात का?

तुम्ही विचारलंय की जुळे सोलापूरला घरामागे थोडी जागा आहे, टोमॅटो, गवार, भेंडी, शेवगा घरात संपत नाही इतका येतो, दोन डाळिंबाची झाडंही आहेत. परदेशी व्हिडिओत दाखवतात तसं सगळं काचेच्या बरण्यांत भरून कुकरला चार शिट्ट्या काढल्या तर वर्षभर टिकेल का? टोमॅटो आणि डाळिंबाचा रस टिकेल, आणि त्याला कुकर लागतच नाही. गवार, भेंडी, शेवगा मात्र बरणीत भरू नका. मीही सोलापूरचीच, दर हिवाळ्यात टोमॅटो भरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळा खेळ आंबटपणाचा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जंतू मातीत असतो, त्यामुळे बागेतल्या कुठल्याही भाजीवर तो असू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. जिथे हवा नाही, ओल आहे आणि आंबटपणा कमी आहे तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. झाकण घट्ट बसलेली गवारीची बरणी म्हणजे नेमकी तशीच जागा. भाजीचा वास, रंग, चव काहीही न बदलता ती विषारी झालेली असू शकते. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं आणि मग श्वासाला त्रास, अशी ती विषबाधा असते. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, हा जंतू वाढू शकत नाही. म्हणून आंबट पदार्थांना साधं उकळतं पाणी पुरतं आणि बाकीच्यांना पुरत नाही.

मग कुकर का नको? आपल्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तेव्हा शंका येणं साहजिक आहे. पण अमेरिकेच्या कृषी खात्याने भाज्यांसाठी जे वेळ तपासून दिलेत ते बरण्यांसाठीच्या मोठ्या, खास भांड्यासाठी आहेत. त्यात आधी दहा मिनिटं वाफ सोडून आतली हवा काढतात, मग वजन ठेवतात, आणि शेवटी भांडं हळूहळू आपोआप निवू देतात. तापायला आणि निवायला लागणारा तो वेळसुद्धा हिशेबात धरलेला असतो. आपला पाच लिटरचा कुकर चटकन तापतो, चटकन निवतो, आणि शिट्ट्या मोजून बरणीच्या मध्यभागी किती उष्णता पोचली ते कळायला काहीच मार्ग नाही. वरणभातासाठी कुकर उत्तम आहे, बरण्यांसाठी वापरू नका.

आता टोमॅटो. डिसेंबर ते फेब्रुवारी बागेतही भरपूर असतो आणि मंडईतही स्वस्त, तेव्हाच करा. घट्ट, लालबुंद, अख्खी फळं घ्या. फार पिकलेल्या, फुटलेल्या टोमॅटोचा आंबटपणा कमी झालेला असतो, ते त्याच दिवशी सारात घाला. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट टाकून गार पाण्यात काढले की सालं निघतात. फोडी करून ठेचत ठेचत पाच मिनिटं खळाखळा उकळा. टोमॅटोचा पीएच ४.६ च्या अलीकडे-पलीकडे फिरतो, म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत चहाचा पाव चमचा लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घालायचंच. किराणा दुकानात मिळतं. ताजं लिंबू पिळून भागत नाही, कारण एकेका लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो. मीठ घाला किंवा घालू नका. पण कांदा, लसूण, तेल काहीही नको, ते फोडणीच्या वेळी.

बरणी गरम असावी, नाहीतर उकळता टोमॅटो ओतताच तडकते. वर अर्धा इंच जागा सोडा. मग स्वच्छ ओल्या फडक्याने बरणीचा काठ पुसा. इथे घाई करू नका. टोमॅटोची एक बी जरी काठावर राहिली तरी झाकण नीट बसत नाही. झाकण दोन भागांचं, म्हणजे चकती आणि वरची रिंग असं घ्या, आणि चकती दर वेळी नवी. सॉसच्या, जॅमच्या जुन्या बाटल्या यासाठी नकोत. रिंग बोटांच्या जोराने बसेल एवढीच फिरवा, आतली हवा बाहेर पडायला वाट हवी.

मोठ्या पातेल्यात तळाशी जाळी किंवा जाड फडकं ठेवून बरण्या उभ्या करा, झाकणांवर इंचभर पाणी राहू द्या. पाणी उकळायला लागलं की वेळ मोजायला सुरुवात करायची. अर्ध्या लिटरच्या बरणीला समुद्रकाठी ३५ मिनिटं लागतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळतं, म्हणून आपल्याला ४० मिनिटं. आपलं पाणी जड असल्याने बरण्यांवर पांढरट थर येतो, पातेल्यात थोडं व्हिनेगर टाकलं की येत नाही. पाणी रोज येत नसलं तरी काळजी नको, तेच पाणी पुढच्या खेपेला चालतं.

बाहेर काढलेल्या बरण्या कापडावर ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. निवताना चकती आत ओढली जाते तेव्हा टक्‌ असा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी मधोमध बोट दाबून बघा. चकती खालीवर होत असेल तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा.

डाळिंबाचं काम सोपं. तडकलेल्या फळाला बाजारात भाव नाही, पण दाणे आंबलेले किंवा काळे नसतील तर रसाला चालतात. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया भरडल्या की रस तुरट होतो. स्वच्छ पंचात बांधून हाताने पिळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वरचा नितळ रस ओतून घ्या. थोडं लिंबूसत्व, चवीपुरती साखर, एक उकळी, आणि बरण्या भरून उकळत्या पाण्यात १५ मिनिटं.

गवार, भेंडी, कारलं, वाळूक यांच्यासाठी आपल्याकडे मार्च ते मे जे ऊन असतं ते कुठल्याही यंत्रापेक्षा चांगलं. कोवळी गवार मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून किंवा ताकात मुरवून पातळ कापडाखाली वाळवा, वाळकाच्या काचऱ्या करा, मिरच्या ताकातल्या करा. कडकडीत वाळल्यावर डब्यात भरा, आणि सप्टेंबरचा पाऊस सरला की पुन्हा एक ऊन द्या. शेवग्याचा पाला सावलीत वाळवा, शेंगा ताज्याच खा. भाजी बरणीतच हवी असेल तर व्हिनेगरमधलं लोणचं घाला, पण बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं बघा, आपल्याकडे चार टक्क्यांचंही मिळतं. पिकलेला आंबा, पपई आणि सीताफळ टोमॅटोसारखं भरू नका, त्यांचा आंबटपणा पुरेसा किंवा भरवशाचा नसतो. शिवाय सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. त्यांचा गर फ्रीझरमध्ये ठेवा.

‘वर्षभर’ या तुमच्या शब्दाबद्दलही सांगते. भरलेल्या बरण्या ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नयेत, आणि आपला मे महिना चाळिशीच्या वर असतो. स्लॅबच्या घरात माळा म्हणजे भट्टीच, तिथे बरण्या नकोत. धाब्याचं जुनं घर असेल तर मधल्या खोलीत, नाहीतर उत्तरेकडच्या भिंतीला जमिनीलगत अंधारात ठेवा. मी स्वतः एप्रिलपर्यंत संपतील एवढ्याच भरते आणि उरल्याच तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवते. झाकण फुगलेलं दिसलं, उघडताना फेस आला किंवा रस उसळला, तर चाखून बघायचं नाही, तशीच टाकून द्यायची.