भोपळ्याचा कर्णा बसवता येईल का?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आहे. मशीन चालतं, स्प्रिंग शाबूत आहे, पण मूळ कर्णा माळ्यावर गळतीखाली राहिला आणि गंजून त्याला भोकं पडली. बाजारातून नवा पितळी कर्णा आणून लावला, तर गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. आमच्या बांधावर लांब मानेचे कडू भोपळे धरतात. त्यांचा कर्णा होईल का? घरात मोठा शंख आणि म्हशीचं शिंगही आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : भोपळाच घ्या. शंख आणि शिंग का नको, ते आधी सांगते.

साऊंडबॉक्समधली, म्हणजे पिन बसते त्या गोल डबीतली, अभ्रकाची चकती इवलीशी असते. ती हलवते ती हवाही चिमूटभरच. त्या हवेचा जोर खोलीभर पोचवायचं काम कर्ण्याचं. आता कर्ण्याच्या तोंडाचा घेर जेवढा, साधारण तेवढ्याच लांबीच्या लहरींपर्यंत तो खालचे स्वर नीट बाहेर टाकतो. शंखाचं तोंड १० सेंटिमीटर धरलं, तर घेर ३१ सेंटिमीटर. म्हणजे सुमारे १,१०० हर्ट्झच्या खालचं सगळं लुळं पडणार. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज असतो १३९ हर्ट्झचा! शिंगाचंही तेच. ३० सेंटिमीटरचं तोंड मिळालं तर ही मर्यादा ३६०पर्यंत उतरते, ६० सेंटिमीटरला १८०पर्यंत. १९२५च्या आधीच्या तबकड्या विजेच्या मायक्रोफोनशिवाय, थेट कर्ण्यात गाऊन भरलेल्या असत. त्यांत खालचे स्वर मुळातच फारसे उतरलेले नाहीत, त्यामुळे त्यांना मध्यम कर्णाही शोभतो.

मी मिरजेत वाढले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे सतारमेकरांच्या दारात रचलेले बघतच शाळेत जायचे. तानपुऱ्याच्या भोपळ्याने तारेबरोबर बोलायचं असतं. कर्ण्याच्या भोपळ्याने मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. भिंत स्वतः थरथरली की प्रत्येक स्वराला तिचाच एक सूर चिकटतो. तुमच्या पितळी कर्ण्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. ‘टण्ण’ वाजला ना? तोच तुमचा डबा. भोपळ्याच्या आत कागदाचे थर दिले, की तीच टिचकी ‘थप्प’ अशी मरते. लंडनची ई.एम.जी. ही छोटी कंपनी १९३०च्या दशकात अडीच फूट तोंडाचे कर्णे कागदाच्या लगद्याचेच करायची, आणि जाणकार अजून त्यांवर जीव टाकतात.

भोपळा वेलावरच जून होऊ द्या. देठ वाळला की उतरवा, आणि आतल्या बिया खुळखुळेपर्यंत काही महिने सावलीत टांगून ठेवा.

कापायची जागा चुकू नका. मानेकडून खाली हात फिरवत या. कडा आधी बाहेर उलगडत जातात, मग एका ठिकाणी वळण फिरतं आणि पोट गोल होऊन मिटायला लागतं. ती जागा बोटाला बरोबर कळते. तिथेच कापा. मोठं तोंड मिळावं म्हणून पोटाच्या मध्यावर कापायचा मोह होतो, पण मग कर्ण्याचा घडा होतो आणि आवाज आत घुमत राहतो. कापल्यावर रात्रभर पाण्यात ठेवा, म्हणजे आतला गर आणि साल खरवडून निघते. पुन्हा खडखडीत वाळवा. तोंड मोठं करायला जाड पुठ्ठ्याच्या आठ पाकळ्या कापून कडेला दोऱ्याने टाचा, जुन्या फुलकर्ण्यांना असतात तशा.

आता थर. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या चिंचोक्याच्या खळीत भिजवून आतून-बाहेरून लावा. एक थर आडवा, एक उभा, असे सहा-सात. प्रत्येक थर वाळू द्या. खळीत चिमूटभर मोरचूद घालाच. ते विषारी आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि मुलांना लांब ठेवा. माझ्या पहिल्या कर्ण्याला मी नुसती मैद्याची खळ लावली होती. दिवाळीत अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली, तर तानेबरोबर कुरकुर यायला लागली. पिन बदलली, साऊंडबॉक्स उघडला, काही सापडेना. मग तबकडीखालच्या हिरव्या बनातीवर पिठासारखी बारीक भुकटी दिसली. वर बघितलं, तर कर्णाभर टाचणीएवढी भोकं. किड्यांनी तो आतून खाऊन टाकला होता. दोन महिन्यांचं काम बंबात गेलं.

शेवटी आतून लाखेच्या पॉलिशचे तीन हात द्या. तबकडीही लाखेचीच, तेव्हा जात जुळते. मानेचं भोक यंत्राच्या नळीच्या तोंडाशी बरोबर जुळवा आणि सांध्यावर मेण लावलेला सुती दोरा घट्ट गुंडाळा. तिथून फट राहिली, तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : माझ्याकडे मेणाच्या नळ्यांचा एडिसनचा फोनोग्राफ आहे. भोपळा मिळत नाही. वेताचा किंवा बांबूचा कर्णा चालेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बांबूचा उत्तम होईल. बुरडाला कागदी नमुना करून द्या आणि अगदी बारीक कामट्यांची, घट्ट विणीची निमुळती टोपली विणून घ्या. त्यावर वर सांगितल्यासारखे कागदाचे थर, आणि त्यांच्यामध्ये एक थर जुन्या धोतराचा. मात्र तुमच्या यंत्रात कर्णा साऊंडबॉक्सबरोबर नळीच्या लांबीभर सरकत जातो. म्हणून तो आकड्याला साखळीने टांगायचा आणि आखूड रबरी नळीने जोडायचा. टांगल्यावर, काही न जोडता, त्याचं निमुळतं टोक आपोआप योग्य उंचीवर तरंगलं पाहिजे. ते खाली दबलं, तर सगळा भार खोबणीवर येतो आणि मेण खरवडलं जातं. गेलेला आवाज परत येत नाही. तोल जमेपर्यंत मेणाची नळी चढवूच नका. निळ्या सेल्युलॉइडच्या नळ्या जास्त टणक असतात. तुमच्या यंत्रावर चालणारी तशी एखादी असेल तर आधी तिच्यावर बघा.

प्रश्न : स्टीलच्या पिनांऐवजी काटा वापरता येतो असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : खरं आहे. बांबूच्या तिकोनी पिना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाल्या होत्या, आणि १९३०च्या दशकात इंग्लंडमधले शौकीन निवडुंगाचे काटे वापरायचे. बांबूच्या पिनेला साऊंडबॉक्सचं भोक तिकोनी लागतं. काटा साध्या भोकात बसतो. पूर्ण वाळलेला, सरळ काटा घ्या आणि बारीक पॉलिशपेपरवर फिरवत टोक काढा. आवाज थोडा कमी होतो, पण खरखर खूपच उतरते आणि तबकडी झिजत नाही म्हटलं तरी चालेल. आधी तबकडी मऊ ब्रशने स्वच्छ पुसा, कारण धुळीने टोक लगेच बसतं. मध्येच आवाज धूसर झाला, तर पिन उचलून टोक पुन्हा घासून घ्या. जोरकस आवाजाच्या तबकड्यांत हे एका बाजूतच दोनदा करावं लागतं. मी ते करते.