24 हजारांचा हॉब गॅस किती वाचवेल?

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय: घरात पाच माणसं, सिलिंडर जेमतेम महिनाभर पुरतो, शेगडी 11 वर्षांची. दुकानदार म्हणतो, 24,000चा काचेचा हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) घ्या, गॅसच्या बचतीतून पैसे वसूल होतील. 2,000चे बारा हप्ते. घ्यावा का?

ताई, गॅस वाचवायला म्हणून घेत असाल, तर नको.

सिलिंडर 850च्या आसपास पडतो असं धरू. वर्षाला 12 धरले तर 10,200 रुपये. आयएसआय मार्कच्या शेगडीत गॅसची किमान 68 टक्के उष्णता भांड्याला मिळावी लागते. तुमची 60वर घसरलीय आणि नवी 72ची आहे असं धरू. वाचले वर्षाला 1,700. पैसे वसूल व्हायला चौदा वर्षं!

पण मला खटकलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य: 'डाव्या बर्नरची ज्योत पिवळी येते, पातेल्यांची बुडं काळी होतात.' अहो, दुखणं तिथंच आहे. उतू गेलेलं दूध बर्नरच्या भोकांत वाळून बसतं, गॅसला हवा कमी पडते, तो अर्धवट जळतो आणि काजळी धरते. एजन्सीच्या मेकॅनिककडून आधी सर्व्हिसिंग करून घ्या. जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत, स्वतः सुई घालू नका. भोक मोठं झालं तर गॅस उलट जास्त जाईल. सर्व्हिसिंगने शेगडी 66वर आली तरी 900 रुपये तिथंच वाचतात. मग हॉबच्या वाट्याला उरतात वर्षाला जेमतेम 800. म्हणजे तीस वर्षं!

घर भाड्याचं आहे म्हणता. हॉब बसवायला ओट्याचा ग्रॅनाइट कापावा लागेल. मालकांना विचारलंत का? सोसायटीत महानगर गॅसची पाइपलाइनही येतेय. पाइपच्या गॅसला जेट वेगळे लागतात. ते त्या मॉडेलला मिळतात का, हे दुकानदाराने सांगितलेलं दिसत नाही.

सर्व्हिसिंग करूनही ज्योत निळी झाली नाही, तर स्टार लेबलची साधी दोन बर्नरची शेगडी रोखीने घ्या. तीन-चार हजारांत काम होईल. हॉब दिसायलाच आवडला असेल तर त्यात गैर काही नाही, पण तो दिवाळीच्या बोनसमधून आणि स्वतःच्या घरात.

मेकॅनिक आलाच आहे तर रबरी नळीवर छापलेलं वर्षही बघायला सांगा. पाच वर्षं उलटली असतील तर ती लगेच बदला.