क्लोन झालं, पण फोल्डर रिकामा

प्रश्न: ताई, मी देवगडचा, टीवायला आहे. आम्ही तिघं मित्र बंदरावरच्या मासळीच्या नोंदी ठेवतो, लिलाव झाला की कुठली मासळी किती आली आणि काय भावाने गेली ते सीएसव्हीत टाकतो आणि सगळं गिटवर, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये. पुण्याच्या मित्राकडे लिनक्स आहे, एकाकडे मॅक, त्यांचं व्यवस्थित चालतं. माझ्या विंडोजवर क्लोन, म्हणजे सगळ्याची प्रत उतरवणं, शंभर टक्के होतं आणि शेवटी 'इनव्हॅलिड पाथ' येतं, फोल्डरमध्ये एकपण फाइल नाही. हॉटस्पॉटवर चारदा केलं, पावसात रेंज नाही, डेटापण संपला. लॅपटॉप बदलावा लागेल का? फाइलच्या नावांची यादी सोबत पाठवतोय.

उत्तर: अरे लॅपटॉप अजिबात बदलू नकोस आणि पाचव्यांदा क्लोनही करू नकोस. त्या एररच्या खाली अजून एक ओळ असते बघ, 'क्लोन सक्सीडेड, बट चेकआउट फेल्ड', तीच कामाची. म्हणजे पहिल्याच वेळेला तुमच्या सगळ्या नोंदी आणि जुनी हिस्टरी तुझ्या डिस्कवर आली, ती लपलेल्या डॉट गिट फोल्डरमध्ये सुखरूप आहे, फक्त तिथून फाइल बाहेर मांडताना गिट अडलं, कारण त्यातली काही नावं विंडोजला चालत नाहीत आणि असं एक जरी नाव असलं तरी ते बाकीच्या फाइलपण मांडत नाही.

यादी पाठवलीस ते बरं केलंस. 'लिलाव-०६:३०' हे पहिलं. लिनक्सला नावात फक्त स्लॅश आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी काहीही चालतं, पण विंडोजमध्ये कोलन, म्हणजे ०६ आणि ३० मधली ती दोन टिंबं, ड्राइव्हच्या अक्षरामागे लागतो, शिवाय फाइलला छुपा जोडभाग लावायलाही तोच, म्हणून नावात तो घेता येत नाही. प्रश्नचिन्ह, स्टार, उभी रेघ, डबल कोट यांचंपण तसंच, आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेसही नको.

दुसरं नाव 'ऑक्स', म्हणजे ए-यू-एक्स, तुम्ही जास्तीच्या नोंदींसाठी दिलेलं. दिसायला साधं, पण ते थेट १९८१ च्या डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमपासून, चालत आलंय. तेव्हा फोल्डरच नव्हते, ते १९८३ ला डॉस २.० मध्ये आले, त्यामुळे प्रिंटर, सिरियल पोर्ट वगैरेंना फाइलसारखीच नावं दिली, पीआरएन, ऑक्स, कॉन, नल, आणि जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून विंडोजने ती आजपर्यंत राखून ठेवलीत. मागे डॉट सीएसव्ही लावलं तरी गिट ते नाव घेत नाही.

आता कर काय, तर पुण्याच्या मित्राला सांग, गिट एमव्हीने ही नावं बदल, कोलनच्या जागी हायफन टाक, कमिट कर म्हणजे बदल नोंदव, आणि पुश कर म्हणजे वर पाठव. मग तू त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये गिट फेच कर, तेवढा नवा कमिटच उतरेल, एका रेंजमध्ये होऊन जाईल, आणि मग गिट रीसेट हार्ड करून ओरिजिनच्या मेनवर, म्हणजे तिघांच्या सामायिक मुख्य प्रतीवर, ये. हार्डने न साठवलेलं काम जातं, पण तुझ्या फोल्डरमध्ये अजून काहीच नाही तेव्हा काळजी नको. जुन्या कमिटमध्ये ती नावं राहणारच, तिथे मागे गेलास तर हाच एरर परत येईल. आणि कोणी प्रोटेक्ट एनटीएफएस ही गिटची सेटिंग बंद कर म्हणालं तर ऐकू नकोस, वाईट हेतूने बनवलेल्या रेपोने, म्हणजे दुसऱ्याच्या गिट साठ्याने, डॉट गिटमध्ये घुसू नये म्हणून ती तपासणी आहे.

हे सुटलं की बांगडा अडवेल. यादीत बांगडा दोनदा आहे, एक कॅपिटल बी आणि एक स्मॉल बी. लिनक्सला त्या दोन फाइल, विंडोजला आणि साधारण सगळ्या मॅकला एकच. गिट २.२० पासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, क्लोन करताना तशी वॉर्निंग येते पण एरर नाही, त्यामुळे माणूस पुढे जातो आणि डिस्कवर दोनातली एकच असते, दुसरी न हात लावता 'मॉडिफाइड' दिसते, आणि मग सवयीने गिट ॲड डॉट केलं, म्हणजे सगळे बदल एकदम नोंदीला घेतले, की एका बांगड्याचे आकडे दुसऱ्याच्या नावावर चढतात. महिनाभराच्या पहाटेच्या नोंदी अशा खराब होतील रे. मित्राला आत्ताच एकाचं नाव बदलायला सांग.

आणि 'किनाऱ्यावरची मासळी'. यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो, कुठल्या कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर पडतं, कुठे र खाली नुक्ता लागतो, कुठे र चा पाय मोडून मागे न दिसणारा जोडक येतो. डोळ्याला तिन्ही सारखे, गिटला तीन वेगळ्या फाइल. मॅकची जुनी फाइल सिस्टिम तर पहिल्याचा आपोआप दुसरा करायची, ते गिट कोअर डॉट प्रीकंपोज युनिकोड या सेटिंगने परत जोडतं, पण तिसरा प्रकार जुळत नाही. माझी यात एक अख्खी दुपार गेलीय, एकाच नावाच्या दोन फाइल दिसायच्या आणि कळेना का. पण म्हणून मराठी नावं सोडायची नाहीत, तिघांनी एकच कीबोर्ड ठरवा आणि ऱ वालं नाव टाइप न करता आधीच्या फाइलवरून कॉपी करा. गिट स्टेटसमध्ये मराठीऐवजी तीनशे चाळीस, दोनशे चव्वेचाळीस असे आकडे दिसत असतील तर कोअर डॉट क्वोटपाथ ही सेटिंग फॉल्स कर, नावं नीट वाचता येतील.