एनिग्मॅटिका की एनिग्मॅटिकस?

नागपुरात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलांसाठी समुद्री प्राण्यांचा तक्ता करताना नळीत राहणाऱ्या एकाच किड्याची त्यांना दोन नावं मिळाली. जुन्या पुस्तकात ‘मेर्सिएरेला एनिग्मॅटिका’, नव्यात ‘फिकोपोमॅटस एनिग्मॅटिकस’. पहिला शब्द बदलला हे त्यांना पटलं, पण दुसऱ्याचं शेपूट काहून बदललं? छपाईची चूक तर नाही? शिवाय, याला ‘प्रजाती’ म्हणायचं की ‘जाती’?

चूक नाही, ताई. व्याकरण आहे, आणि तुम्ही-आम्ही रोज बोलतो तेच.

आमची आजी ‘मोठा संत्रा’ म्हणायची. पुण्याहून लग्न होऊन आलेली मामी ‘मोठं संत्रं’ म्हणायची. फळ एकच, कॉटन मार्केटातून आणलेलं. आजीचा संत्रा पुल्लिंगी, म्हणून ‘मोठा’. मामीचं संत्रं नपुंसकलिंगी, म्हणून ‘मोठं’. विशेषणाला स्वतःचं लिंग नसतं, ते नामाकडून घेतं. लॅटिनही असंच वागते. प्राण्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द नाम असतो, दुसरा पुष्कळदा विशेषण. नाम बदललं आणि नव्या नामाचं लिंग वेगळं निघालं, की विशेषणाला शेपूट बदलावंच लागतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तसा नियमच आहे.

आता तुमच्या किड्याची हकिकत. फ्रान्समध्ये कां नावाचं शहर आहे. तिथल्या कालव्याच्या मचूळ पाण्यात हा सापडला आणि पिएर फोवेल यांनी 1923 मध्ये त्याचं वर्णन छापलं. हा मूळचा कुठला, इथे आला कसा, याचा पत्ता लागेना, म्हणून ‘एनिग्मॅटिका’. याचा अर्थ ‘गूढ’ असा केलात तर गंमत हातून निसटेल, कारण मराठीत ‘गूढ’ अविकारी आहे: गूढ माणूस, गूढ बाई, गूढ प्रकरण. ‘कोड्यात टाकणारी’ म्हणा, म्हणजे लिंग दिसेल. ‘मेर्सिएरेला’ हे मेर्सिए या आडनावावरून केलेलं नाव. शेवटचा ‘एला’ हा लॅटिनमधला लाडिक, लघुत्व दाखवणारा स्त्रीलिंगी प्रत्यय. आपल्याकडे सोनूची ‘सोनुली’ होते तसा. नाम स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी.

पण फोवेल दोन वर्षांनी हुकले होते. 1921 मध्येच सदर्न या अभ्यासकाने भारतातल्या मचूळ पाण्यातल्या किड्यांवर लिहिताना ‘फिकोपोमॅटस’ हे नाव योजलं होतं. फिकस म्हणजे अंजीर, पोमा म्हणजे झाकण. हा किडा नळीत आत सरकला की तोंडाशी बूच बसवतो, त्या बुचाच्या आकारावरून हे नाव. 1978 मध्ये टेन होव्ह आणि वेर्डेनबुर्ग यांनी ही सगळी मंडळी तपासली आणि मेर्सिएरेला वेगळी नाही, फिकोपोमॅटसच आहे, असं ठरवलं. दोन्हींत जुनं नाव टिकतं. ते ‘-अस’ने संपणारं, पुल्लिंगी, म्हणून एनिग्मॅटिकाचं एनिग्मॅटिकस झालं. मूळ जन्मदात्याचं श्रेय मात्र जात नाही. ते कंसात जातं: (फोवेल, 1923). कंस दिसला की समजायचं, नाव ठेवलं तेव्हा पहिला शब्द वेगळा होता. कंस म्हणजे सजावट नव्हे, तक्त्यात तो गाळू नका.

हे मी मोठ्या तोंडाने सांगतोय, पण एकदा मुद्रितं तपासताना मीच घाण केली आहे. एका लेखात पालास यांनी 1766 मध्ये ठेवलेलं ‘सर्प्युला जायगँटिया’ होतं, आणि दोन परिच्छेदांनंतर त्याच किड्याचं आजचं नाव ‘स्पायरोब्रँकस जायगँटियस’. एकसारखं दिसावं म्हणून मी दोन्हीकडे ‘जायगँटिया’ केलं. लेखकाने फोन करून, अगदी सौम्य आवाजात, माझं व्याकरण काढलं.

प्रत्येक दुसरा शब्द मात्र असा वाकत नाही. नळीत राहणाऱ्याच दुसऱ्या एका किड्याचं नाव, ‘सिबोग्लिनम वेबेरी’ घ्या. दुसरा शब्द प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या नावावरून. सिबोगा हे डच जहाज 1899-1900 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मोहिमेवर गेलं होतं, पहिल्या शब्दात ते जहाज आहे. ‘वेबेरी’ म्हणजे ‘वेबरचा’, लॅटिन षष्ठी, आणि ती ढिम्म हलत नाही. इथे मराठी लॅटिनपेक्षा चंचल. आपली षष्ठीसुद्धा वाकते: वेबरचा किडा, वेबरची नळी, वेबरचं जहाज.

तुमच्या किड्याचं कुल सर्प्युलिडी. ‘सर्प्युला’ म्हणजे चिमुकला साप. लॅटिन ‘सर्पेरे’ आणि संस्कृत ‘सृप्’ ही सख्खी भावंडं, त्यामुळे आपला ‘सर्प’ यात सरळ डोळ्यांना दिसतो. फक्त हा प्राणी सरपटत नाही. चुन्याची नळी बांधतो आणि जन्मभर तिच्यातच राहतो; वळणं घेते ती नळी. शेवटचा ‘-इडी’ ग्रीकमधल्या ‘अमक्याचे वंशज’ सांगणाऱ्या प्रत्ययातून आला. पांडूचे पांडव, रघूचे राघव, तसे सर्प्युलाचे सर्प्युलिडी.

आता प्रजाती की जाती. आपल्या शालेय पुस्तकांतली उतरंड अशी: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे फिकोपोमॅटस ही प्रजाती आणि फिकोपोमॅटस एनिग्मॅटिकस ही जाती. घोळ हिंदीमुळे होतो. हिंदी बातम्यांत शेवटच्या पायरीलाच ‘प्रजाति’ म्हणतात, आणि नागपुरात सकाळी दोन्ही भाषांतले पेपर घरात पडतात. मग मराठीतही ‘नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं. ‘जाती’ लिहायला हात कचरतो हेही एक कारण असावं. तो संकोच मला समजतो, पण तक्त्यात पुस्तकाचाच शब्द ठेवा, नाहीतर परीक्षेत पोरं अडकतील.

आणि हा ‘सापडला’ की ‘सापडली’? इथे लॅटिन विसरा. मनात ‘किडा’ असेल तर सापडला, ‘जाती’ असेल तर सापडली. ‘अळी’ मात्र नको, अळीचं पुढे फुलपाखरू होतं असं मुलं धरून चालतात. नुसतं ‘कृमी’ म्हटलं की जंताचं औषध आठवतं, ‘नळीकृमी’ चालेल.

सोबत तुम्ही मुंबईहून आणलेल्या शिंपल्याचा फोटो आहे. त्यावर चिकटलेल्या, वाळक्या शेवयांसारख्या पांढऱ्या नळ्या याच कुलातल्या दिसतात. त्यांच्याखाली ‘सर्प्युलिडी कुल’ एवढंच लिहा. जात ओळखायला बूच बघावं लागतं, आणि ते आतल्या प्राण्याबरोबर केव्हाच गेलं.